जुन्या लॅपटॉपचे गळून पडलेले रबरी पाय: नवे बसवताना उंची, आकार आणि चिकटद्रव्य कसे ठरवावे?

प्रश्न: जुने_यंत्र

नमस्कार. माझा १४ इंची पडद्याचा, कार्यालयीन कामासाठी बनवलेला जुना लॅपटॉप आतून अजून ठणठणीत आहे. मात्र त्याच्या तळाच्या चार गोल रबरी पायांपैकी मागचा उजवा पाय गळून हरवला आहे, पुढचा डावा एका कडेने सुटून वर वळला आहे आणि राहिलेले दोन घासून चपटे झाले आहेत. टंकलेखन करताना मनगटाचा भार उजवीकडे पडला की यंत्र टेबलावर डुगडुगते आणि टक्-टक् असा आवाज येत राहतो. पंख्यासाठी हवा आत घेणारी जाळी नेमकी त्याच कोपऱ्याजवळ, तळालाच आहे. पाय गेल्यापासून पंखा पूर्वीपेक्षा जास्त वेळ जोरात फिरतो, असे जाणवते. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो का, हेही मला समजून घ्यायचे आहे.

या मॉडेलचे सुटे पाय आता मिळत नाहीत. सुट्या भागांच्या यादीत पायांसकट संपूर्ण तळाचे आवरण हा एकच भाग दाखवलेला आहे आणि चार रबरी चकत्यांसाठी अख्खे आवरण बदलणे मला पटत नाही. मागे चिकटद्रव्य लावलेले तयार पाय अर्धगोल, चपटे, पारदर्शक, काळे अशा अनेक प्रकारांत मिळतात, पण त्यांतून निवड कशी करावी हे कळत नाही. माझ्या लॅपटॉपचे पाय सपाट तळावर चिकटवलेले नसून उथळ गोल खोबणीत बसवलेले आहेत आणि रिकाम्या खोबणीत जुन्या चिकटद्रव्याचा तपकिरी थर तसाच आहे. उंची कशी ठरवावी, चिकटवण्यासाठी काय वापरावे, झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद चालेल का आणि हरवलेला एकच पाय बदलावा की चारही, या चार गोष्टींवर अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: मोजपट्टी

पायांचा विचार करण्याआधी एक तपासणी अवश्य करा, कारण जुना लॅपटॉप डुगडुगण्याचे कारण दर वेळी पाय हेच असते असे नाही. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिच्या आत वायू साचून ती फुगू शकते आणि बॅटरी आत बसवलेली असेल तर तळाचे आवरण मधोमध बाहेर ढकलले जाते. मग चारही पाय धड असूनही यंत्र पोटावर टेकते आणि डोलते. लॅपटॉप बंद करा, झाकण मिटून तो मऊ कापडावर उलटा ठेवा आणि तळावर पोलादी पट्टी उभी, कडेवर धरून आडवी-तिरपी फिरवून पाहा. मधल्या भागात फुगवटा असेल, टचपॅड वर आल्यासारखे किंवा दाबताना घट्ट वाटत असेल, आवरणाच्या शिवणीत फट पडली असेल, तर पायांचे काम बाजूला ठेवून आधी चार्जिंग थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्यातून आग लागू शकते. काही जुन्या यंत्रांत मागचे दोन पाय आवरणावर नसून काढता येणाऱ्या बॅटरीवरच असतात. तिथे बदलून घातलेल्या बॅटरीच्या पायांची उंची मूळ बॅटरीपेक्षा वेगळी निघाली, की एक बाजू आपोआप खाली-वर होते.

तळ सपाट निघाला, तर आता उंचीकडे वळू. बहुतेक जण पायाचा व्यास पाहून वस्तू मागवतात, पण व्यासापेक्षा उंचीतली चूक जास्त त्रास देते. खोबणीत बसणाऱ्या पायाची एकूण उंची म्हणजे खोबणीची खोली अधिक बाहेर दिसणारा भाग. कॅलिपर, म्हणजे सरकत्या जबड्यांचे मोजमापाचे साधन, असेल तर त्याच्या शेपटीकडच्या बारीक दांडीने रिकाम्या खोबणीची खोली मोजा, म्हणजे एक आकडा हाती येईल. बाहेर दिसणारा भाग मोजायला शाबूत पाय वापरावा, असे सहज वाटते. पण तो पाय घासलेला असतो. त्यामुळे त्याचा सर्वांत कमी झिजलेला भाग, म्हणजे सहसा तळाच्या मध्याकडे तोंड करून असलेली कड, मोजावा.

कॅलिपर नसेल तरी अडत नाही. लॅपटॉप जाड सपाट काचेवर ठेवा आणि ज्या कोपऱ्यात पाय नाही तिथे खोबणीच्या काठाखाली साध्या छपाईच्या कागदाचे छोटे चौकोनी तुकडे एकावर एक सरकवत जा. डुगडुग पूर्ण थांबेल आणि वरून बोटाने दाबल्यावर कोपरा मुळीच हलणार नाही, इतके तुकडे झाले की ते मोजा. ८० ग्रॅम वजनाच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मि.मी. असते. त्याहून नेमका आकडा हवा असेल तर त्याच गठ्ठ्यातले ५० कागद घट्ट दाबून त्यांची एकत्र जाडी पट्टीने मोजावी आणि ५०ने भागावे. या पद्धतीने काठापासून टेबलापर्यंतचे अंतर कळते, म्हणजेच पायाचा बाहेर राहणारा भाग कळतो. काचेचा आग्रह अशासाठी, की लाकडी टेबल सपाट दिसले तरी क्वचितच खरोखर सपाट असते आणि मग आपण टेबलाचा बाक लॅपटॉपच्या नावावर मोजून बसतो.

चारही पाय बदलावेत, असेच माझे स्पष्ट मत आहे. तीन टेकू कोणत्याही पृष्ठभागावर आपोआप स्थिर होतात. चौथ्याला त्या तिघांशी जुळावेच लागते. तीन झिजलेले आणि एक कोरा अशी जोडी लावली, तर नवा पाय अर्धा मिलिमीटर उंच राहतो आणि डुगडुग एका कर्णावरून उठून दुसऱ्या कर्णावर जाते. रबर दाबले जाऊन एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक सामावून घेते, त्यापेक्षा जास्त नाही.

पंख्याबद्दल तुम्हाला जे जाणवते, त्याला आधार आहे. तळाच्या जाळीत शिरणारी हवा लॅपटॉपच्या कडेखालच्या फटीतून येते. १४ इंची यंत्राची मागची कड सुमारे ३३ सें.मी. लांब धरली आणि तिच्याखाली १.५ मि.मी. फट असेल, तर त्या कडेने हवेला शिरायला जेमतेम ५ चौरस सें.मी. जागा मिळते, फट ३ मि.मी. झाली की तीच जागा १० चौरस सें.मी. होते. कोपरा टेबलाला टेकला की जाळीच्या सर्वांत जवळची वाटच बंद होते, प्रोसेसर थंड ठेवायला पंख्याला जास्त फिरावे लागते. यंत्रात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर डुगडुग थांबवण्याचे आणखी एक कारण आहे. ती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि त्या अवस्थेत बसणारे सततचे हिसके तिला मानवत नाहीत.

उत्तर: चिकट_प्रश्न

उंचीचे गणित वर नीट आले आहे. मी चिकटवण्याबद्दल लिहितो, कारण बसवलेले पाय पुन्हा गळतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावरच्या घाईमुळे.

पाय का गळतात, हे आधी पाहू. मूळ पायांखाली असते ते दाबाने चिकटणारे चिकटद्रव्य. ते कधीच पूर्ण कडक होत नाही. सततच्या आडव्या जोराखाली ते फार सावकाश वाहत राहते आणि उष्णतेत हे वाहणे वाढते. लॅपटॉपचा मागचा भाग तापतो आणि आपण यंत्र उचलून ठेवण्याऐवजी टेबलावर ओढतो. दर वेळी ओढताना पाय आपल्या जागेवरून केसभर सरकतो, कडेने चिकटद्रव्य उघडे पडते, त्यावर धूळ बसते आणि ती कड पुन्हा चिकटत नाही. तुमच्या पुढच्या डाव्या पायाची वळलेली कड हीच मधली अवस्था दाखवते.

तुमच्या लॅपटॉपला खोबण आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पाय खोबणीत अंगाबरोबर बसला की आडवा जोर खोबणीची भिंत घेते आणि चिकटद्रव्याला फक्त पाय खाली पडू न देण्याचे काम उरते. म्हणून व्यास निवडताना पाय आणि भिंत यांच्यामध्ये चहूबाजूंनी दोन-तीन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा ठेवू नका. खोबणीपेक्षा मोठा पाय काठावर टेकवून चिकटवणे सर्वांत वाईट, कारण तिथे चिकटायला फक्त एक अरुंद कडे मिळते आणि मधला सगळा भाग अधांतरी राहतो. मोठाच पाय हाती असेल तर धारदार पात्याने तो कापून लहान करा. पाते आणि रबर साबणाच्या पाण्याने ओले केले की काप स्वच्छ येतो आणि कड फाटत नाही. कापल्यावर तो धुऊन पूर्ण वाळवावा.

आता खोबणीतला तपकिरी थर. यंत्र बंद करून, चार्जर काढून आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढून मगच काम सुरू करा. केस वाळवण्याच्या यंत्राची मंद गरम हवा थोडा वेळ दिली की थर मऊ पडतो. हवेचा झोत एका जागी रोखून धरू नये आणि खोबणीच्या मागे बॅटरी असेल तर गरम हवा टाळलेलीच बरी. मऊ झालेला थर अंगठ्याच्या पेराने एकाच दिशेने रगडत गेलात की त्याच्या बारीक वळ्या होऊन तो सुटतो. कोपऱ्यात अडकलेला भाग लाकडी काडीने किंवा प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने काढा. धातूचे पाते वापरले तर खोबणीचा तळ ओरखडतो आणि पुढच्या चिकटद्रव्याला सलग पृष्ठभाग मिळत नाही. उरलेला थर पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. कापूस ओला असावा, पण निथळता नसावा, कारण शेजारीच हवेची जाळी आहे. तळावर मऊ, रबरासारख्या स्पर्शाचा लेप असेल तर अल्कोहोलने तो निघू शकतो. म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर टिपून पाहा. ॲसिटोन मात्र मुळीच वापरू नका. लॅपटॉपची आवरणे बऱ्याचदा एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या दोन प्लास्टिकच्या मिश्रणाची असतात. ॲसिटोन एबीएस विरघळवते आणि पॉलिकार्बोनेटला तडे पाडते. काही जण जुना थर काढायला तेल वापरतात आणि त्याने थर सुटतोही. पण तेलाचा अदृश्य पापुद्रा मागे राहिला तर नवा पाय टिकत नाही, त्यामुळे तेलानंतर अल्कोहोलने पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या कापसाने पुसावे लागते.

सायनोॲक्रिलेट गोंद मी सुचवणार नाही. तो वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो, तर रबर दर हालचालीला दाबले जाते आणि वाकते. या दोघांचे फार काळ जमत नाही. त्याची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरट डाग पाडते आणि जाळीतून आत शिरली तर ती तिथेही बसते. शिवाय पाय सिलिकॉनचा असेल तर हा गोंद त्याला धरतच नाही. गरम करून लावायचा बंदुकीचा गोंदही टाळा, कारण लॅपटॉपच्या तापलेल्या भागात तो मऊ पडतो आणि गुळगुळीत प्लास्टिकवरून पापुद्र्यासारखा सुटून येतो.

तयार पायांना मागे ॲक्रिलिक चिकटद्रव्य असेल तर तेवढे पुरते. बम्पॉन नावाने मिळणारे थ्री-एम कंपनीचे पॉलियुरेथेनचे पाय या कामाला योग्य आहेत. तुम्ही रबराच्या पत्र्यातून चकत्या कापणार असाल, तर मध्ये कागद किंवा फिल्म नसलेली, नुसत्या चिकटद्रव्याची पातळ पट्टी घ्या. थ्री-एमच्या ४६७एमपी पट्टीची जाडी सुमारे ०.०५ मि.मी. आणि ४६८एमपीची सुमारे ०.१३ मि.मी. असते. किंचित खडबडीत प्लास्टिकवर जाड पट्टी बरी, कारण ती खाचांमध्ये भरते. फोमची जाड दुहेरी पट्टी वापरू नये. ती दाबली जाते, पाय तिरका होतो आणि उंचीचे सगळे मोजमाप वाया जाते.

पाय खोबणीत ठेवल्यावर अंगठ्याने पंधरा सेकंद तरी जोरात, सरळ खाली दाबा. अशा चिकटद्रव्याची पकड दाबाने आणि वेळेने वाढते. थ्री-एम आपल्या व्हीएचबी नावाच्या मजबूत दुहेरी पट्ट्यांबद्दल सांगते त्याप्रमाणे खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत सुमारे ५० टक्के, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. म्हणून पाय लावून लगेच यंत्र टेबलावर ओढू नका. निदान एक दिवस ते उलटेच राहू द्या. पाय चांगले चिकटावेत म्हणून मिटलेल्या लॅपटॉपवर पुस्तकांचा ढीग ठेवण्याची कल्पना अनेकांना सुचते. त्याने पडद्यावर दाब येतो, तसे करू नये.

उत्तर: पंखा_आणि_धूळ

थोडे वेगळे सुचवतो. हवेचा हिशेब पाहता, मागचे दोन पाय मूळ उंचीचेच का ठेवावेत? मागे चार-पाच मिलिमीटर उंचीचे अर्धगोल पाय लावले तर हवेची वाट दुपटीहून अधिक मोठी होते आणि कळफलकाला मिळणारा किंचित उतार बऱ्याच जणांना टंकलेखनासाठी सोयीचा वाटतो. बाजूच्या आणि मागच्या जाळ्या आधी धूळमुक्त करून घ्याव्यात, हे ओघाने आलेच. फटीत धुळीचा थर असेल तर पाय कितीही उंच केले तरी उपयोग नाही.

फर्निचरखाली लावतात त्या नमद्याच्या चकत्या मात्र लॅपटॉपला लावू नयेत. त्या घसरतात, आणि त्यांचे तंतू सुटून थेट जाळीकडे ओढले जातात.

पुढील माहिती: जुने_यंत्र

सर्वांचे मनापासून आभार. पट्टी फिरवून पाहिली. तळ सपाट आहे आणि टचपॅडही आपल्या जागी आहे. खोबणीचा व्यास १२ मि.मी. आणि खोली ०.८ मि.मी. भरली. शाबूत पायाची सर्वांत कमी झिजलेली कड काठापासून १.६ मि.मी. बाहेर आहे आणि सर्वांत झिजलेली कड जेमतेम १.१ मि.मी.

थर काढल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. मागच्या उजव्या खोबणीच्या मधोमध एक बारीक स्क्रू आहे. तो तळाच्या आवरणाचाच दिसतो. आणि जे मी आधी लिहायला हवे होते ते असे, की हा लॅपटॉप मी दिवसाचा बराच वेळ डॉकवर, म्हणजे पडदा, नेटवर्क आणि चार्जर एकदम जोडून देणाऱ्या बैठकीवर, ठेवतो. डॉकचा जोड तळाला आहे, लॅपटॉप वरून दाबून त्यात बसवावा लागतो. मागचे पाय उंच केले तर याला अडथळा येईल का?

उत्तर: मोजपट्टी

तळाच्या डॉकमुळे उत्तर बदलते. मागचे पाय चार-पाच मिलिमीटर करण्याची वरची सूचना एरवी योग्य असली, तरी तुमच्यासाठी ती सोडून द्यावी लागेल. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांच्या जुन्या पिढ्यांत अशी तळाला जोड असलेली डॉक सर्रास असत आणि त्यांचा पृष्ठभाग मूळ पायांची उंची धरूनच घडवलेला असतो. पाय डॉकच्या पृष्ठभागावर आधी टेकले, तर जोड पूर्ण खाली उतरत नाही. कधी पडदा दिसतो पण नेटवर्क चालत नाही, कधी चार्जिंग मधेच थांबते आणि आपण दोष तारांमध्ये शोधत राहतो. पाय बसवण्याआधी डॉकवर त्या जागी खळगे आहेत का, ते पाहा. खळगे असतील तर व्यासही त्यांत मावला पाहिजे.

तुमच्या आकड्यांवरून एकूण उंची ०.८ अधिक १.६, म्हणजे २.४ मि.मी. येते. शाबूत कडही थोडी झिजलेली असणार, हे खरे असले तरी डॉक असल्यामुळे मी वर जाण्यापेक्षा २.४ वरच थांबेन. चिकटपट्टी ०.१३ मि.मी.ची वापरलीत तर रबर सुमारे २.३ मि.मी. हवे. नेमकी तेवढी जाडी मिळाली नाही आणि २ मि.मी.चे रबर मिळाले, तर खोबणीच्या तळाशी पॉलिएस्टरच्या फिल्मची गोल चकती आधी चिकटवून फरक भरून काढावा. त्यासाठी पुठ्ठा वापरू नये; तो दमट हवेत फुगतो आणि त्याचे थर सुटतात.

आकाराबद्दल एक गोष्ट राहिली होती. अर्धगोल पाय टेबलाला फक्त एका ठिपक्यावर टेकतो, त्यामुळे घर्षणासाठी मिळणारा भाग लहान असतो आणि सगळा दाब त्या ठिपक्यावर येऊन तो लवकर झिजतो. तुमच्या कामाला चपट्या माथ्याची, कडा किंचित गोलावलेली चकती योग्य. रबर फार मऊ घेऊ नका. शोअर ए मापावर ५० ते ७० कठीणपणाचे रबर पकडही देते आणि भाराखाली पसरतही नाही.

स्क्रूची अडचण वाटत नाही, उलट तो दिसला हे बरे झाले. त्याचे डोके खोबणीच्या तळाच्या वर येत नसेल तर चिकटपट्टी सरळ त्यावरून जाऊ द्या. पुढे कधी पंखा साफ करायला किंवा बॅटरी बदलायला आवरण उघडावे लागेल तेव्हा तो पाय कडेने हळूहळू उचलून काढावा आणि नव्या चिकटपट्टीने परत लावावा. जुनी पट्टी दुसऱ्यांदा धरत नाही. कायमच्या गोंदाने पाय बसवण्याला माझा विरोध आहे तो मुख्यतः याच कारणाने. आवरण उघडता येते तोवरच जुने यंत्र दुरुस्त होत राहते.

सगळे बसल्यावर काचेवर ठेवून कागदाची अरुंद पट्टी एकेका पायाखाली सरकवून ओढून पाहा. चारही ठिकाणी ओढ सारखीच लागली पाहिजे. एखाद्या पायाखालून पट्टी सहज निघून आली, तर तो पाय कमी पडतो आहे.

उत्तर: हातोटी

तयार पाय नेमक्या मापाचा मिळाला नाही, तर तो जागच्या जागी घडवण्याचा एक मार्ग आहे. सुग्रू नावाचे हाताने मळून आकार देता येणारे द्रव्य हवेतल्या आर्द्रतेने घट्ट होऊन सिलिकॉन रबर बनते. पाकीट उघडल्यावर सुमारे अर्ध्या तासात काम उरकावे लागते आणि ३ मि.मी. जाडीचा थर २४ तासांत घट्ट होतो. खोबण स्वच्छ करून त्यात गोळी घट्ट दाबून भरावी, जेणेकरून खाली हवा अडकणार नाही. मग शाबूत पायांइतक्या उंचीचे टेकू दोन्ही बाजूंना ठेवून साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या काचेच्या तुकड्याने वरून दाबावे; गोळी पसरून चारही पायांचे माथे एकाच पातळीत येतात. बाहेर आलेला भाग लगेच काडीने कोरून घ्यावा.

याच पद्धतीने सिलिकॉन सीलंटही वापरता येतो, पण त्यात निवड महत्त्वाची आहे. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो सीलंट घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सोडतो आणि तांब्याला गंज चढवतो. इलेक्ट्रॉनिक यंत्राजवळ तो नको. न्यूट्रल क्युअर, म्हणजे घट्ट होताना असे आम्ल न सोडणारा, असे लिहिलेलाच घ्यावा.

ज्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे ते टीपीयू या लवचीक प्लास्टिकचे पाय छापतात. माप अचूक येते, मात्र सर्वसाधारण टीपीयू शोअर ए मापावर ९५च्या आसपास, म्हणजे रबराच्या मानाने बरेच कठीण असते. असा पाय उंची देतो, हवेची वाट मोकळी करतो, पण गुळगुळीत टेबलावर घसरतो. त्याच्या माथ्यावर पातळ रबराची चकती चिकटवली तर दोन्ही गोष्टी साधतात.

उत्तर: चिकट_प्रश्न

घडवण्याची पद्धत मला आवडते आणि सपाट तळाच्या, खोबण नसलेल्या यंत्रांसाठी ती कधीकधी एकमेव असते. तरीही हा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सिलिकॉन एकदा प्लास्टिकवर घट्ट झाले की ते खरवडून काढल्यावरही त्याचा अतिशय पातळ अंश मागे उरतो आणि त्यावर ॲक्रिलिक चिकटद्रव्य धरत नाही. म्हणजे आज सिलिकॉनचा पाय केलात, तर पुढेही त्या खोबणीत बहुधा सिलिकॉनच वापरावे लागेल. जुने_यंत्र यांच्या मागच्या उजव्या खोबणीत स्क्रू आहे. ओले द्रव्य स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत भरून घट्ट झाले, तर पुढच्या वेळी आधी ते सुईने कोरून काढावे लागेल. त्या एका जागी तरी चिकटपट्टी आणि कापलेली चकती हाच मार्ग ठेवावा आणि चारही पायांचे रबर सारखे असावे म्हणून मग उरलेल्या तिन्हींनाही तेच वापरावे.

तयार सिलिकॉनच्या चकत्या विकत घेतानाही हेच पाहावे. त्यांच्या मागे कारखान्यातच लावलेले चिकटद्रव्य असेल तर हरकत नाही, पण नुसती सिलिकॉनची चकती आणून तिला साधी दुहेरी पट्टी लावली, तर पट्टी लॅपटॉपला चिकटून राहते आणि चकती टेबलावर पडते. रबराचा पत्रा घेताना निओप्रीन किंवा नायट्राइल मागावे. ईपीडीएम प्रकारचे रबर हवामानाला उत्तम टिकते, मात्र त्याला चिकटवणे त्या मानाने अवघड जाते. पत्र्याच्या पृष्ठभागावर साच्यातली पांढरी पूड किंवा मेणचट थर असतो. चिकटपट्टी लावायची बाजू बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासून अल्कोहोलने पुसली की पकड चांगली येते. चकती कापण्याआधीच पट्टी संपूर्ण तुकड्याला लावून घ्यावी आणि मग १२ मि.मी.च्या पोकळ पंचने दोन्ही एकदम कापावे, म्हणजे चिकटद्रव्य थेट कडेपर्यंत पोहोचते. चकती १२च्या खोबणीत घट्ट जाऊन फुगत असेल तर कड पॉलिश कागदावर फिरवून किंचित उतरवावी. जबरदस्तीने कोंबलेली चकती मधोमध वर उचलली जाते आणि तिथूनच सुटायला लागते.

काळ्या रबराचे पाय फिकट रंगाच्या किंवा वॉर्निश केलेल्या टेबलावर बराच काळ एकाच जागी राहिले, तर रबरातली रसायने झिरपून डाग पडू शकतो आणि तो पुसून जात नाही. तुमचे टेबल तसे असेल तर पारदर्शक पॉलियुरेथेनचे चपटे पाय पाहा, किंवा लॅपटॉपखाली एखादा पातळ पत्रा ठेवा.

राहिलेले दोन चपटे पाय काढताना ते बोटाला चिकट लागले, तर तो जुन्या चिकटद्रव्याचा भाग असेलच असे नाही. काही प्रकारचे पॉलियुरेथेन दमट हवेत वर्षानुवर्षांनी स्वतःच विघटित होऊन चिकट होते. अशा पायाला नवी पट्टी लावून परत बसवण्यात अर्थ नाही. तो काढून टाकावा आणि त्याखालची खोबण इतर तिघींपेक्षा जास्त वेळा पुसावी, कारण तो चिकटपणा खोबणीच्या भिंतीलाही लागलेला असतो.